ब्रेकची किल्ली कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

अभ्यासवर्गात मोटारीच्या ब्रेकवर भाषण व्हावे, हे काहींना विचित्र वाटेल. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव असे प्रश्न दाराशी उभे असताना मोटारमालकांच्या अडचणींची उठाठेव कशाला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु हा विषय मोटारमालकांपुरता नाही. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर घेणाऱ्याचा अधिकार कितपत उरतो, आणि हाताच्या कसबावर जगणाऱ्या कारागिराच्या धंद्यावर दूरच्या कंपनीची सत्ता कशी बसते, हा मूळ प्रश्न आहे. त्यासाठी ब्रेकचेच उदाहरण घेण्याला कारण आहे. येथे दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. रेडिओ नीट दुरुस्त झाला नाही तर गाणे ऐकू येत नाही. ब्रेक नीट दुरुस्त झाला नाही तर माणूस मरतो. आणि तो मरणारा माणूस पुष्कळदा मोटारीत बसलेला नसतो, रस्त्याच्या कडेने पायी चाललेला असतो.

तेव्हा प्रश्न असा, की मोटारीच्या मालकाला आपल्या गाडीचे ब्रेक स्वतः, किंवा आपल्या विश्वासाच्या मिस्त्रीकडून, अजून दुरुस्त करता येतात काय? त्याचे प्रामाणिक उत्तर ‘काही अंशी येतात’ असे आहे, आणि हा अंश नव्या गाड्यांगणिक घटत चालला आहे. तो का घटतो, त्यातला किती भाग यंत्राच्या गरजेमुळे घटतो आणि किती भाग नफ्याच्या गरजेमुळे, हे वेगळे करून पाहिले पाहिजे.

उघडे यंत्र

ब्रेकची मूळ रचना साधी आहे. पायाखालचा पेडल दाबला की मास्टर सिलिंडरमधील तेलावर दाब येतो. बंद नळीतील द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, या पास्कलच्या नियमानुसार तो दाब चारही चाकांपर्यंत जातो. ड्रम ब्रेकमध्ये चाकातील लहान सिलिंडर दोन शू बाहेर ढकलतो आणि त्यांवरील लायनर ड्रमला आतून घासतात. डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपर नावाची पकड दोन्ही बाजूंनी पॅड दाबते. दोहोंतही घर्षणाने झिजणारा भाग हा बदलण्यासाठीच बनवलेला असतो.

१९०८ ते १९२७ या काळात फोर्ड कंपनीने आपल्या मॉडेल टी मोटारीच्या दीड कोटीहून अधिक गाड्या बनविल्या. तिचा पायाचा ब्रेक गिअरपेटीतील एका पट्ट्यावर चाले, आणि त्या पट्ट्याचे अस्तर झिजले की अमेरिकेतील शेतकरी आपल्या गोठ्याशेजारी ते बदलीत असे. गाडीचे काम कसे करावे हे सांगणारे पुस्तक कंपनीच मालकासाठी छापी. १९२१ साली ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. फोर्डने ते १९३९ साली स्वीकारले. १९५३ च्या ल मान्सच्या शर्यतीत जग्वारच्या विजयाने डिस्क ब्रेकची ख्याती जगभर झाली. या प्रत्येक टप्प्यावर ब्रेक अधिक प्रभावी झाला, परंतु एकाही टप्प्यावर तो मालकाला बंद झाला नाही. पाना, जॅक आणि थोडी समज एवढ्या भांडवलावर काम होत राहिले.

भारतातही असेच घडले. ॲम्बॅसडर असो वा प्रीमियर पद्मिनी, तिच्या ड्रम ब्रेकचे अंतरंग गावोगावच्या मिस्त्र्यांना तळहातासारखे ठाऊक होते. लायनर झिजले तर जुन्याच शूवर नवे लायनर रिबिटांनी बसवीत. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी अशाच दुरुस्तीवर दशकानुदशके धावली. पद्मिनी टॅक्सीची अखेरची गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या गाडीमागे कंपनीच्या वातानुकूलित दालनांपेक्षा झाडाखाली बसणाऱ्या कारागिरांचे ज्ञान अधिक होते. ते ज्ञान शाळेत मिळालेले नव्हते. उस्तादाच्या हाताखाली, तेलाने माखलेल्या हातांनी मिळालेले होते. म्हणूनच गरिबाच्या मुलाला त्या धंद्याचे दार उघडे राहिले.

तीन पायऱ्या

आजच्या मोटारीच्या ब्रेकचे काम तीन पायऱ्यांत मांडता येते.

पहिली पायरी झिजणाऱ्या भागांची. चाकाचे नट सैल करावेत, गाडी जॅकवर उचलून भक्कम टेकूवर बसवावी, चाक काढावे, कॅलिपरचा बोल्ट सोडवून पिस्टन मागे ढकलावा, जुने पॅड काढून नवे बसवावेत, आणि गाडी हलविण्यापूर्वी पेडल दाबून दाबून तो घट्ट करावा. हे शेवटचे पथ्य चुकले तर पहिल्याच वळणावर ब्रेक लागत नाही. सावधगिरीने करणाऱ्या कोणत्याही कुशल माणसाच्या आवाक्यातले हे काम आहे, आणि साधा हॅण्डब्रेक असलेल्या असंख्य गाड्यांत ते आजही तसेच करता येते.

दुसरी पायरी तेलाची. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते आणि ओल शिरली की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ या प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शिरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. घाट उतरताना चालक सारखा ब्रेकवर पाय ठेवतो, ब्रेक तापतात, जुने तेल उकळते, नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते पण दाब पुढे पोहोचवीत नाही. पेडल थेट तळाला जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून ठराविक काळाने तेल बदलणे आणि नळ्यांतील हवा काढणे हे जीव वाचविणारे काम आहे. एकाने पेडल दाबावा, दुसऱ्याने चाकाजवळील निप्पल सोडावा, ही रीत अजून चालते. मात्र चाकांचे घसरणे रोखणाऱ्या यंत्रणेच्या, म्हणजे एबीएसच्या, पेटीत हवा शिरली तर पुष्कळ गाड्यांत तिचा पंप आणि झडपा संगणकाच्या आज्ञेने चालवाव्या लागतात. तेथे पान्याच्या जोडीला स्कॅनर लागतो.

तिसरी पायरी विजेची आणि संगणकाची. हॅण्डब्रेकचा दांडा जाऊन बटण आले. बटण दाबले की मागच्या कॅलिपरवरील लहान मोटार पिस्टन आवळते. असा पिस्टन पकडीने मागे रेटला तर आतील स्क्रू आणि मोटार यांची मोडतोड होते. पॅड बदलण्यापूर्वी मोटारीला ‘मागे घे’ अशी आज्ञा द्यावी लागते आणि काम संपल्यावर ‘पुन्हा जागा ठरव’ अशी दुसरी आज्ञा. ही आज्ञा कोणी द्यावी, येथे सगळा वाद सुरू होतो.

यंत्रणा गुंतागुंतीची झाली की धोकाही वाढतो, हे कबूल केले पाहिजे. मर्सिडीज कंपनीने २००१ मध्ये सेन्सोट्रॉनिक नावाची ब्रेकरचना आणली. तिच्यात साठवलेल्या दाबाचे तेल संगणकाच्या आज्ञेने चाकांकडे जाई. ती आधी निष्क्रिय न करता पॅड काढू जाणाऱ्याची बोटे चिरडण्याची भीती होती, कारण पेडलला हातही न लावता ती ब्रेक आवळू शके. २००४ आणि २००५ साली कंपनीलाच लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या आणि पुढे ई श्रेणीतून ती रचना काढून टाकण्यात आली. जी यंत्रणा मालकाला अनाकलनीय होती ती निर्मात्यालाही निर्दोष ठेवता आली नाही, हा त्यातला धडा होय.

नवे सारेच वाईट, असा याचा अर्थ नव्हे. बॉश कंपनीची एबीएस यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस श्रेणीत आली. ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तरी चाके जाम न होता गाडी वळविता येऊ लागली. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची आहे आणि ते योग्यच झाले. विज्ञानाला विरोध करण्याचा येथे प्रश्नच नाही. गांधीजींनी यंत्रयुगावर कठोर टीका केली, तरी सिंगरच्या शिवणयंत्राला त्यांनी त्यातून वगळले, डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला. यंत्र माणसाच्या हाती राहते की माणूस यंत्राच्या मालकाच्या हाती जातो, ही दोघांचीही कसोटी होती. तीच येथे लावावयाची आहे.

कुलूप आणि त्याची कारणे

कंपन्या म्हणतात, मोटार आता चाकांवरचा संगणक आहे. तिचे दार कोणालाही उघडे ठेवले तर दुष्ट हेतूचा माणूस ब्रेकच बंद पाडील. ही भीती काल्पनिक नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी दूर बसून, मोबाइलच्या जाळ्यातून, एका जीप मोटारीच्या यंत्रणेत शिरून दाखविले आणि ती कमी वेगात असताना तिचे ब्रेकही निकामी केले. निर्मात्या कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर त्या कंपनीने आपल्या नव्या गाड्यांत सुरक्षेचे एक आडदार बसविले. बिघाड वाचता यावा पण आज्ञा मात्र परवान्याशिवाय देता येऊ नये, अशी त्याची योजना होती. परवाना हवा असेल तर नाव नोंदवावे, कंपनीच्या संगणकाशी इंटरनेटने जोडून घ्यावे आणि वर्गणी भरावी.

येथेच दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. दुरून, आकाशमार्गे येणारा चोर रोखणे ही एक गोष्ट. गाडीची किल्ली हातात असलेला, तिच्या शेजारी गुडघे टेकून बसलेला, चाक काढून ठेवलेला मालक किंवा मिस्त्री रोखणे ही अगदी दुसरी. पहिल्यासाठी बसविलेले कुलूप दुसऱ्याला लागू करणे ही तांत्रिक अपरिहार्यता नव्हे, तो धंद्याचा निर्णय आहे. याचा पुरावा बाजारातच आहे. काही मोटारींत पॅड बदलण्याची अवस्था गाडीच्या पडद्यावरूनच चालू करता येते. काहींत पेडल आणि बटण ठराविक क्रमाने दाबले की ती सुरू होते. त्या मोटारी काही असुरक्षित ठरलेल्या नाहीत. एका कंपनीला जे जमते ते दुसरीला जमत नाही असे नाही. दुसरीला ते करावयाचे नसते.

युरोपच्या न्यायालयाने हाच भेद ओळखला. जर्मनीतील गॅरेजांच्या एका मोठ्या साखळीने आणि काचा बसविणाऱ्या एका कंपनीने त्या आडदाराविरुद्ध दावा लावला होता. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला, की कायद्यात नसलेल्या अटी, मग ती नावनोंदणी असो वा कंपनीच्या संगणकाशी सक्तीची जोडणी, स्वतंत्र दुरुस्तीकारांवर निर्माता लादू शकत नाही. सुरक्षेची जबाबदारी निर्मात्याची आहे; ती पार पाडताना स्पर्धकांचे दार बंद करण्याची मुभा त्याला नाही.

मॅसॅच्युसेट्सचा लढा

अमेरिकेचा अनुभव अधिक बोधप्रद आहे, कारण तेथे हा लढा मतपेटीतून झाला. १९७५ च्या वॉरंटी कायद्याने तेथे एक पाया घातला होता: आमचेच भाग वापरा, आमच्याकडेच दुरुस्ती करा, नाहीतर वॉरंटी रद्द, अशी अट ग्राहकावर घालता येत नाही. १९९० मधील स्वच्छ हवेच्या कायद्याच्या दुरुस्तीमुळे १९९६ पासून प्रत्येक मोटारीत बिघाड वाचण्यासाठी एकाच नमुन्याची खाच आली. पण ती धुराच्या नियंत्रणासाठी होती. इंजिनाचे संकेत सर्वांना कळू लागले. ब्रेकचे संकेत मात्र प्रत्येक कंपनीच्या खाजगी भाषेत राहिले. धूर हा सार्वजनिक हिताचा विषय आहे म्हणून सरकारने भाषा एक केली. ब्रेक त्याहून कमी सार्वजनिक हिताचा आहे असे कोण म्हणेल?

मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी मोठ्या बहुमताने दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर केला. अधिकृत विक्रेत्याला जी माहिती आणि जी साधने मिळतात ती मालकाला व स्वतंत्र गॅरेजला वाजवी दरात मिळालीच पाहिजेत, असे त्यात होते. एका राज्यासाठी वेगळी व्यवस्था ठेवणे परवडणार नाही हे पाहून २०१४ मध्ये कंपन्यांनी तेच तत्त्व देशभर लागू करण्याचा करार केला. एका राज्याचा रेटा सगळ्या देशाला उपयोगी पडला.

तथापि कराराला पळवाट होती. तारेवाचून थेट कंपनीकडे जाणारी माहिती त्यातून वगळली होती, आणि मोटारी तर तिकडेच वळत होत्या. २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांपुढे दुसरा ठराव आला. तो पाडण्यासाठी कंपन्यांनी कोट्यवधी डॉलर ओतले. तुमची माहिती बाहेर गेली तर एकट्यादुकट्या स्त्रीचा पाठलाग होईल, अशा भयप्रद जाहिराती दूरचित्रवाणीवर झळकल्या. सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी तरीही ठरावाच्या बाजूने कौल दिला. कंपन्या लगोलग न्यायालयात गेल्या. जून २०२३ मध्ये केंद्रीय वाहनसुरक्षा यंत्रणेने, दुरून ब्रेक व स्टिअरिंगमध्ये ढवळाढवळ होण्याची भीती पुढे करून, हा कायदा पाळू नका असे पत्र कंपन्यांना लिहिले; दोनच महिन्यांनी, जवळून जोडता येणारी पद्धत वापरावी असा मध्यम मार्गही तिनेच मान्य केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने कंपन्यांचा दावा फेटाळला. मतपेटीतील निकालाला न्यायालयाची पायरी ओलांडण्यास चार वर्षांहून अधिक काळ लागला. त्या काळात विकल्या गेलेल्या गाड्या कुलुपासकट रस्त्यावर आल्या, हे विसरता कामा नये. विलंब हेसुद्धा भांडवलाचे हत्यार असते.

भारतातील निकाल आणि वास्तव

भारतातही हा प्रश्न सोडविण्याची संधी आली होती. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आयोगाचे विवेचन समाजवादी कार्यकर्त्याने मुळातून वाचण्याजोगे आहे. गाडी घेताना ग्राहकाला दहा कंपन्यांत निवड करता येते. पण एकदा गाडी घेतली की तिच्या सुट्या भागांच्या बाजारात तीच कंपनी एकमेव विक्रेती असते. भाग खुल्या बाजारात न विकणे, दुरुस्तीची पुस्तके आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजला न देणे, बाहेर दुरुस्ती केल्यास वॉरंटी रद्द करणे, हा त्या वर्चस्वाचा गैरवापर आहे, असे आयोगाने ठरविले. स्वतंत्र मिस्त्री अकुशल असतो, नकली भागांनी अपघात होतील, हे कंपन्यांचे युक्तिवाद ऐकूनच हा निर्णय झाला होता. भाग आणि साधने खुली करा, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने वॉरंटी नाकारू नका, असे आदेश त्यात होते.

पुढे काय झाले? काही कंपन्यांच्या अपिलात २०१६ साली अपील न्यायाधिकरणाने निष्कर्ष कायम ठेवला, मात्र दंड एकूण उलाढालीऐवजी सुट्या भागांच्या उलाढालीवर मोजण्यास सांगितले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी अशी चार क्षेत्रे तिच्यापुढे होती. त्याच वर्षी डिसेंबरात माहितीचे एक संकेतस्थळ सुरू झाले. कायदा मात्र झालेला नाही. संकेतस्थळावर कंपनी स्वेच्छेने जे ठेवील ते वाचावयाचे, एवढाच हक्क ग्राहकाला मिळाला आहे. स्वेच्छेवर सोडलेला हक्क म्हणजे उपकार होय.

आणि हा प्रश्न श्रीमंतांच्या मोटारींचा उरलेला नाही. १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या दुचाकींना २०१९ पासून एबीएस आहे. टॅक्सी, टेम्पो, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर यांत संगणक शिरला आहे. जो टॅक्सीचालक सकाळी दोन तासांत पॅड बदलून धंद्याला लागत असे, त्याला अधिकृत केंद्राची तारीख मिळेपर्यंत गाडी उभी ठेवावी लागली तर त्याची मजुरी बुडते आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू राहतो. सार्वजनिक क्षेत्राचेही तेच. एसटी महामंडळाने दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या कारागीर घडविले. भाडेतत्त्वावर येणाऱ्या विजेच्या बसगाड्यांची देखभाल पुरवठादाराकडे असते. गाडी जनतेच्या सेवेत, पण तिचे ज्ञान खाजगी हातात, अशी ही वाटणी आहे. कंत्राट संपेल त्या दिवशी महामंडळाकडे ना गाडी उरेल, ना ती दुरुस्त करणारा हात.

सुरक्षितता कशाने येते?

तरीही एक आक्षेप शिल्लक राहतो आणि तो टाळता येणार नाही. अर्धवट माहितीच्या माणसाने ब्रेकला हात लावला तर पादचाऱ्याचे काय? मालकाचा हक्क म्हणून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालता येईल काय? मुळीच नाही. परंतु सुरक्षितता पाना कोणाच्या हाती आहे यावरून ठरत नाही, ब्रेक लागतो की नाही यावरून ठरते. ब्रिटनमध्ये १९६० साली जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी सुरू झाली. तिचा आरंभच ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंगपासून झाला. आज तेथे तीन वर्षांनंतर मोटार दरवर्षी तपासली जाते. जर्मनीत पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. दुरुस्ती मालकाने केली की गॅरेजने, हे तपासनीस विचारीत नाही. तो ब्रेकची ओढ मोजतो. भारतात मात्र खाजगी मोटारीला पहिली १५ वर्षे अशा तपासणीची सक्ती नाही. ब्रेकच्या चिंतेने मिस्त्रीला बाहेर ठेवू पाहणाऱ्या कंपन्यांनी या उणिवेवर आंदोलन केल्याचे कोणी ऐकलेले नाही.

नकली भागांविषयीही हेच म्हणता येईल. युरोपात पर्यायी ब्रेक पॅडसाठी आर ९० हा नियम आहे. पॅड कोणत्याही कारखान्याने बनवावा, पण मूळ पॅडशी त्याची कामगिरी तोलून प्रमाणपत्र घ्यावे. नकली मालावर उपाय मक्तेदारी नव्हे, खुले आणि कडक प्रमाणीकरण होय.

आणि सुरक्षिततेची चर्चा करताना काम करणाऱ्याची सुरक्षितता कोणीच काढीत नाही. ब्रेक लायनरमध्ये वर्षानुवर्षे ॲसबेस्टॉस असे. ड्रम उघडून हवेच्या झोताने धूळ उडविणाऱ्या किती मुलांच्या फुप्फुसांत ते तंतू गेले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. युरोपीय संघाने २००५ पर्यंत ॲसबेस्टॉसवर बंदी आणली. अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये पांढऱ्या ॲसबेस्टॉसवर बंदी जाहीर केली, त्यात सुट्या विकल्या जाणाऱ्या ब्रेक लायनरचाही समावेश आहे. भारतात तशी सरसकट बंदी नाही. धूळ झटकू नये, ओल्या फडक्याने पुसावी, ही साधी सूचनासुद्धा पुष्कळ गॅरेजांत पोहोचलेली नाही. मिस्त्री अकुशल आहे म्हणून त्याला दाराबाहेर ठेवावयाचे आणि त्याला कुशल करणारी माहिती मात्र कुलुपात ठेवावयाची, हा न्याय नव्हे.

मागणी काय असावी?

वरील विवेचनातून काही स्पष्ट मागण्या निघतात. पहिली, पॅड, लायनर, डिस्क, तेल हे झिजणारे व बदलावयाचे भाग बसविण्यासाठी लागणारी प्रत्येक आज्ञा गाडीतच उपलब्ध असली पाहिजे. तिच्यासाठी कंपनीची परवानगी, नोंदणी किंवा वर्गणी लागता कामा नये. दुसरी, ब्रेकच्या बिघाडाचे संकेत एकाच खुल्या भाषेत असावेत. तिसरी, दुरुस्तीचे पुस्तक मराठीसह भारतीय भाषांत मिळावे. कोणता बोल्ट किती आवळावा हे व्यापाराचे गुपित असू शकत नाही. चौथी, खाजगी मोटारींच्या ब्रेकची नियमित तपासणी अल्प शुल्कात व्हावी. पाचवी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आज गॅरेजात काम करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग काढावेत आणि ॲसबेस्टॉसयुक्त लायनरवर बंदी यावी. ब्रेकच्या संगणकातील मूळ आज्ञावली बदलणे हे काम प्रशिक्षित व परवानाधारक माणसापुरते ठेवण्यास हरकत नाही. पण तो परवाना सार्वजनिक परीक्षेतून मिळावा, कंपनीच्या मर्जीतून नव्हे.

साथींनो, मॅसॅच्युसेट्समध्ये स्वतंत्र गॅरेजवाले आणि मोटारमालक एकत्र आले म्हणून कायदा झाला. महाराष्ट्रात हे दोघे अजून परस्परांना गिऱ्हाईक आणि कारागीर एवढ्याच नात्याने ओळखतात. तालुक्याच्या गावी गॅरेजवाले, टॅक्सी-टेम्पोचालक, ट्रॅक्टरवाले शेतकरी आणि एसटीच्या कार्यशाळेतले कामगार यांची एकत्र बैठक घेणे अवघड नाही. कोणत्या गाडीचे कोणते काम परवान्यावाचून अडते, त्यासाठी किती पैसे आणि किती दिवस जातात, याची गाववार नोंद करणे हे पहिले काम होय. आयोगाचा २०१४ चा निर्णय त्या बैठकीत मोठ्याने वाचावा. जो हक्क एकदा मान्य झाला आहे तो मागण्यासाठी कोणाच्याही दारात याचक म्हणून जाण्याचे कारण नाही.